राखाडी यादीतली एकतीस नावं

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. शिलाईच्या दुकानात दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसायची आणि त्या काढल्या की टोचेल असंच बोलायची, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. रेडिओवर मात्र तिला स्वतःची कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख होती, परीक्षा देऊन मिळवलेली, परवान्यावर छापलेली. आणि ती गेले चार महिने राखाडी होती.

त्याचं असं झालं. हौशी रेडिओवाले हल्ली कॉम्प्युटरवरून एकमेकांना हाका मारतात. पंधरा सेकंद तू बोल, पंधरा सेकंद मी, असा घड्याळावर चालणारा पाळीचा कारभार. कोण हाक मारतंय त्याची कॉलसाइन पडद्यावर उतरते. टाचणी ज्या रेडिओ क्लबची सभासद होती त्याच्या सेक्रेटरीने त्यावर एक आपोआप चालणारा प्रोग्राम बसवला. क्लबच्या स्टेशनशी ज्याचं बोलणं नीट पुरं होतं तो हिरवा. ज्याचं तीनदा अर्ध्यात तुटतं तो राखाडी. ही यादी रोज सकाळी सगळ्या सभासदांच्या कॉम्प्युटरवर जाऊन नावं रंगवायची. राखाडीला कोण कशाला उत्तर देतंय? त्यावर कडी म्हणजे टाचणीच्या स्वतःच्या पडद्यावर, स्वतःच्या घरात, तिचं नाव राखाडी दिसायचं.

"वहिनी, आज तरी कुणी विचारलं का तुला?" नणंद शेंगा सोलता सोलता विचारायची.

"विचारतील, वन्सं. मी काही मेलेली नाही."

"रंग तर तसाच दिसतोय."

सेक्रेटरी दातांचा डॉक्टर होता. राखाडी झालेल्या एकतीस जणांना त्याने पत्र धाडलं होतं, 'आपली कार्यपद्धती सुधारावी'. टाचणीने एरियलची तार बदलली, घड्याळ जुळवलं, मॅन्युअल पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. काही फरक नाही. रविवारी वर्षाची मोठी स्पर्धा होती, जितक्यांशी बोलणं तितके गुण, आणि तिला कुणी ओ देणार नव्हतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडण्याआधी ती पडद्यापुढे बसली असताना तिची नजर रंग सोडून शेजारच्या आकड्यावर गेली. समोरच्याचं घड्याळ आपल्यापेक्षा किती पुढेमागे आहे ते तिथे दिसतं. सगळ्यांचा आकडा शून्याच्या आसपास. एकाचाच एक पूर्णांक नऊ सेकंद.

तो एकटा म्हणजे क्लब.

ती मटकन खाली बसली असती, पण बसलेलीच होती. चार महिने रंगच बघत राहिलो आपण! कापड बेतताना टेप तपासल्याशिवाय कात्री लावत नाही, आणि इथे? क्लबचंच घड्याळ मागे. दांडगा सिग्नल असलेले त्यातही कसेबसे निभावत होते, आणि तिच्यासारखे गच्चीवर तार ताणून बसलेले अर्ध्यात गळत होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हे. वर अंगणालाच पत्र!

शटर न उघडता ती क्लबात गेली. सेक्रेटरी केबलची वेटोळी खिळ्यांना अडकवत होता. तिने मोबाइलवर सेकंदांचं घड्याळ लावलं आणि तो क्लबच्या पडद्यावरच्या घड्याळाशेजारी धरला.

डॉक्टरने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. क्लबचं घड्याळ जवळजवळ दोन सेकंद मागेच.

"अरेच्चा," तो म्हणाला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, डॉक्टरसाहेब. एकतीस संन्याशांना."

"ताई, हळू बोला ना." त्याने दाराकडे पाहिलं. "असं करू, तुमचं नाव मी आत्ताच्या आत्ता काढतो. उद्या स्पर्धेत तुम्ही हिरव्या."

"आणि बाकीचे तीस?"

"ते समितीपुढे ठेवू, स्पर्धा झाल्यावर. पत्रं गेलीत हो सगळ्यांना! एकदम यादी पुसली तर क्लबाची शोभा होईल."

हिरवी. चार महिने ज्याची वाट पाहिली ते तो ताटात वाढून देत होता. तिला हवं होतं, नाही कशाला म्हणा.

"मग माझंही राहू द्या राखाडी," ती म्हणाली.

"हा काय हट्ट, ताई?"

"माझा दात चांगला म्हणून शेजारणीचा उपटलेला चालेल का मला? पुसायची तर सगळी यादी पुसा. नाही तर एकही नाव नको."

दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने चाळीस ओळींचा स्वतःचा प्रोग्राम लिहिला. सात चुका झाल्या, आठव्यांदा चालला. क्लबची यादी तशीच घ्यायची, फक्त राखाडीच्या जागी झगझगीत पिवळा भरायचा आणि ती नावं सगळ्यात वर आणायची. मग तो प्रोग्राम, आपल्या पडद्यावरच्या त्या एक पूर्णांक नऊच्या फोटोसकट, तिने क्लबच्या सगळ्या सभासदांना पाठवून दिला. खाली एवढंच लिहिलं: घड्याळ क्लबचं मागे आहे, आमचं नाही.

रविवारी सकाळी नणंद कौतुकाने खुर्ची ओढून शेजारी बसली. पडद्यावर पहिलं पिवळं नाव उमटलं, एका निवृत्त पोस्टमनचं. टाचणीने हाक दिली, त्याने ओ दिली, मिनिटभरात बोलणं पुरं. मग दुसरं. तिसरं. मग हिरवीच माणसं राखाड्यांना हाका मारताना दिसू लागली. एक, दोन, पाच.

"अगंबाई, लग्नघर झालं की हे!" नणंद म्हणाली.

अकराच्या सुमारास पडद्यावर क्लबची हाक आली, थेट टाचणीच्या नावाने. शेजारचा आकडा शून्य पूर्णांक एक. म्हणजे घड्याळ दुरुस्त झालं होतं. तिने यादी ताजी करून पाहिली. एकतीस नावं जशीच्या तशी.

"वहिनी, क्लबचे दुप्पट गुण असतात म्हणालीस ना? घे की!"

"असतात."

पंधरा सेकंद गेले. क्लबने पुन्हा हाक मारली. पुन्हा पंधरा. मोबाइलही वाजायला लागला, डॉक्टरचा. तिने तो उचलला.

"ताई, उत्तर का देत नाही? आता घड्याळ बरोबर आहे!"

"यादी चुकीची आहे. मी राखाडी आहे, डॉक्टरसाहेब. राखाडीशी बोलायचं नसतं, तुमचाच नियम."

तिने फोन ठेवला आणि यादीतल्या पुढच्या, आठव्या पिवळ्या नावावर बोट टेकवलं.