नऊ नंबरची पाहुणी

जंगलातल्या कॅम्पची यजमानीण होणं म्हणजे काय, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी नेब्रास्कातलं घर विकूच दिलं नसतं. माझ्या नवऱ्यानं, रॉयसनं, सांगितलं ते असं: "डार्ला, आयडाहोचा डोंगर, पाइनची झाडं, बाजूला ओढा. आरव्हीत राहायचं, जागेचं भाडं नाही. बदल्यात तंबू ठोकायला येणाऱ्यांशी जरा गोड बोलायचं." सगळं खरं निघालं हो. फक्त गोड बोलायचं काम त्याला मिळालं आणि संडास धुवायचं मला.

वाटणी कुणी केली म्हणाल तर कुणीच नाही. पहिल्या दिवशी ट्रीनानं, म्हणजे आमच्या रेंजर पोरीनं, एक बॅटरीची छोटी गाडी, एक हिरवं जाकीट आणि एक लांब दांड्याचा ब्रश आमच्यापुढं ठेवला. रॉयसनं जाकीट चढवलं, गाडीत बसला आणि निघाला. मी आपली ब्रशाकडं बघत उभी.

बिचाऱ्यानं जन्मभर शाळेची बस चालवली. मागच्या एकाही कार्ट्यानं कधी त्याचं ऐकलं नाही. आणि इथं बघावं तर माणसं त्याच्या तोंडाकडं बघत उभी! "या, या! काही लागलं तर संकोच करू नका, मी इथंच आहे," असं म्हणून टोपी काय उचलायचा, लोकांची लाकडं काय वाहून द्यायचा, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या काय सावलीत सरकवून द्यायचा. मला वाटायचं, अगं बाई, हा माणूस इतकी वर्षं होता कुठं?

आरव्हीत आला की मात्र जाकीट खुंटीला आणि गोडवाही खुंटीला. आरव्ही म्हणजे काय, बसच्या आतच ओटा, पलंग आणि टेबल. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं अंग चोरायचं. "सरक," एवढं एकच बोलणं माझ्या वाट्याला. मी इतकी सरकले, इतकी सरकले, की तेवढी चालले असते तर नेब्रास्काला पोचले असते.

तरी मी गप्प होते. पण आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं मला खालच्या गावात जेवायला न्यायचं कबूल केलं होतं. मी कानात डूल घालून बसले. ऊन गेलं, पत्ता नाही. शेवटी उगवला तो अंगाला धुराचा वास घेऊन. "नऊ नंबरच्या जागेवर नवं लग्न झालेलं जोडपं आलंय गं. लाकडं ओली त्यांची. म्हटलं, जरा शेकोटी लावून द्यावी."

"आणि आपलं जेवण?"

"अरेच्चा! ते आज होतं होय? सरक जरा, बूट काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओणवी होऊन संडास घासत होते, तर ती नवी नवरी दारात. "किती भाग्यवान हो तुम्ही! काय रसिक माणूस आहे! बीव्हर प्राण्यानं ओढ्याला बांध घालून केलेलं तळंसुद्धा दाखवलं त्यांनी आम्हाला. पाण्यात आभाळ उतरलेलं बघत आम्ही तिघं कितीतरी वेळ बसलो होतो."

इथं दुसरा उन्हाळा होता माझा. जवळपास तळं आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

दुपारी ते जोडपं गेलं. लोक जाताना काय काय विसरून जातात, ते आम्ही एका पेटीत ठेवतो. त्यातला एक तंबू मी उचलला आणि नऊ नंबरवर नेऊन ठोकला. ओढ्याकाठची, सगळ्यात देखणी जागा. जागेच्या भाड्याचं पाकीट भरून पैसे जमा करायच्या लोखंडी नळकांड्यात टाकलं, पावती खांबाला अडकवली आणि खुर्ची टाकून बसले.

रॉयसची गाडी आली. "हे काय चाललंय, डार्ला?"

"यजमान का तुम्ही? नमस्कार! आत्ताच आले बघा मी. छान आहे हो जागा तुमची."

"चावटपणा पुरे झाला. तिकडं संडास..."

"हो, त्याबद्दल बोलायचंच होतं. फार घाण आहेत. कोण बघतं ते तुमच्याकडं?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

मग मात्र मी नाटक सोडलं. "हे बघ रॉयस, पाहुण्याला इथं चौदा दिवस राहता येतं, नियम तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. तेवढे दिवस मी इथं राहणार. नंतर आर्डिसकडं जाणार. माझ्या बहिणीची मागची खोली रिकामी आहे आणि ती कधीपासून बोलावतेय. मी गंमत करत नाहीये."

त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि निघून गेला.

सकाळी त्यानं ट्रीनाला बोलावून आणलं. तिनं पावती बघितली, माझ्याकडं बघितलं, ओठ दाबून हसू आवरलं. "पैसे भरलेत त्यांनी, रॉयस. त्या पाहुण्या आहेत." मग त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगत राहिली. काय ते मला ऐकू आलं नाही. पण त्याचा चेहरा खर्रकन उतरलेला मी लांबूनही बघितला.

त्या दुपारी रॉयस ब्रश घेऊन संडासाकडं जाताना दिसला. परत आला तेव्हा तोंड असं झालेलं की मला पोटभर हसून घ्यावंसं वाटलं. घेतलं.

संध्याकाळी फेरीला आला. प्रत्येक तंबूपाशी थांबायचा नियमच आहे, करतो काय? "सगळं ठीक ना, बाई?"

"ठीक आहे. लाकडं ओली आहेत जराशी."

कोरडी लाकडं आली. दुसऱ्या दिवशी खुर्ची सावलीत गेली. तिसऱ्या दिवशी तो कॉफी घेऊन आला आणि विचारलं, "बसू का थोडा वेळ?" आता बोला! एवढ्या संसारात या माणसानं माझ्याजवळ बसायला कधी परवानगी मागितली नव्हती.

असाच एका संध्याकाळी गप्पांत म्हणाला, "इथं अस्वल आलं होतं, सांगितलं का तुम्हाला?" आणि सुरू झाला. सगळ्या पाहुण्यांना सांगतो ती गोष्ट. अस्वल टेबलावरच्या खोक्यात तोंड घालून बसलेलं, आणि यानं तवा आणि पळी बडवत त्याला ओढ्यापार पळवलं. मी ऐकत राहिले. कारण तवा माझा होता, पळी माझी होती आणि बडवलेही मीच होते.

"बाप रे," मी म्हटलं. "आणि तुमची बायको कुठं होती त्या वेळी?"

रॉयस थांबला. काठीनं शेकोटी ढवळली. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू का? तिनंच पळवलं. मी आरव्हीत आतून कडी लावून बसलो होतो. बाहेर ये म्हणून तिनं दार वाजवलं, तर मला वाटलं अस्वलच वाजवतंय."

मी इतकी हसले की खुर्ची कलंडली. तोही हसला. डोळे पुसत आम्ही दोघं बसलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला तो माणूस पुन्हा आवडला. दुसऱ्या दिवशी तो मला तळ्यावर घेऊन गेला. गाडी नाही, जाकीट नाही. बीव्हर काही दिसला नाही, पण मी मनात ठरवून टाकलं की आर्डिसला नाही म्हणून कळवायचं.

माझे चौदा दिवस संपायच्या आदल्या दिवशी ट्रीना आली आणि सगळं नासलं. पोरगी चांगली आहे, तिला बिचारीला काय माहीत! म्हणाली, "परत जाताय ना आरव्हीत? बरं झालं बाई. तुमची पावती बघितली त्याच सकाळी मी रॉयसना सांगितलं होतं, यजमान म्हणून जोडपंच लागतं. तुम्ही गेलात तर त्यांची जागा, गाडी, सगळं काढून घ्यावं लागेल."

म्हणजे ती कॉफी, ती सावली, ते तळं, ही सगळी बॅटरीच्या गाडीची खुशामत? आणि मी बया डोळे पुसत हसत बसले होते.

तो आल्या आल्या मी विचारलं. "माझ्यासाठी येत होतास का गाडीसाठी? सरळ सांग."

दुसरा कुणी असता तर शपथा घेतल्या असत्या. रॉयस म्हणाला, "सुरुवातीला गाडीसाठी."

"कधीपर्यंत?"

"अस्वलापर्यंत."

"आणि हे मी कशावरून खरं मानू?"

त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. तो गेला, आणि मी पिशव्या भरायला घेतल्या. रडले. नाही कशाला म्हणू?

दुसऱ्या दिवशी दुपारी जागा सोडायची वेळ झाली तसा तो आला. चालत. अंगात बसवाल्याचा जुना शर्ट. मागं लांबवर ट्रीना ती छोटी गाडी चालवत घेऊन जात होती, आणि शेजारच्या सीटवर हिरवं जाकीट घडी करून ठेवलेलं.

"देऊन टाकलं," तो म्हणाला. "सकाळीच तिला सांगितलं, दुसरं जोडपं बघ. आम्हालाही आज जागा सोडायचीय." मग खाली बघत म्हणाला, "आर्डिसच्या अंगणात आरव्ही लावता येईल का गं?"

"आर्डिसला तू डोळ्यासमोर नको असतोस."

"माहितीये मला."

"रोज टोमणे मारेल."

"मारू दे."

मी त्याच्याकडं बघत राहिले. गाडीशिवाय अगदीच लहानखुरा दिसत होता. विचारलं, "वाईट वाटतंय का रे गाडीचं?"

"फार," तो म्हणाला, आणि गाडी गेली त्या वाटेकडं बघत राहिला.

मग मी तंबूच्या खुंट्या उपटायला घेतल्या. तो तसाच उभा. "बघतोस काय?" मी म्हटलं. "ते दुसरं टोक धर."