सडकेकडे तोंड करून

गाडीच्या बंद काचेवर टेकलेला वैशालीचा तळवा मी पाहिला होता. दुपारच्या उन्हात त्याच्या कडा लालसर झाल्या होत्या, आणि गाडीत तिच्या शेजारी बसलेल्या माणसानं तो मनगटाला धरून खाली ओढला. तरीही चौकशीला आलेल्या पोलिसांना मी सांगितलं, ‘पोरगी राजीखुशीनं गेली.’

लग्नाच्या नावानं गरिबाघरच्या मुली परराज्यात नेऊन विकणारी ती टोळी होती. त्यांची माणसं आदल्या दिवशी माझ्या ओसरीवर चहा पिऊन गेली होती, आणि उठताना माझ्या मुलीचं कॉलेज कुठं आहे, हे त्यांनी फार अदबीनं विचारलं होतं. भीती खरी होती. पण माझ्या त्या एका वाक्यावर वैशालीच्या आईची तक्रार मिटली.

त्याआधी ती आईबरोबर आंजी गावातल्या आमच्या शेतात कापूस वेचायला यायची. पराटीच्या उंच झाडांच्या दाट ओळींत ती दिसायची नाही, तिचं हसू तेवढं पुढं पुढं सरकत राहायचं, आणि मागच्या बायकांना त्यावरून कळायचं, ही किती पुढं गेली.

काही वर्षांनी ती एकटीच पळून परत आली. आता मार्गशीर्षातल्या तिरप्या, निस्तेज उन्हात ती पुन्हा वेचते. बोटं तशीच चपळ, फक्त शेत निःशब्द. ओळ संपली की बाकीच्या बायका वळून शेजारची ओळ धरतात. वैशाली धरत नाही. सडकेकडे पाठ करून वेचणं तिला जमत नाही. मान मागं वळवत, रिकाम्या हातांनी ती शेताच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथून सडकेकडे तोंड करून पुन्हा वेचत येते. संध्याकाळी तिचं गाठोडं सगळ्यांत लहान असतं.

‘काऊन वं वैशे, सडकेनं वरात येऊन राह्यली का?’ एकीनं एकदा टोमणा मारला.

‘येऊन गेली ना एक डाव,’ ती म्हणाली. ‘तुमी सगळ्यायनं पाह्यली.’

टोमणा मारणारी वळून शेजारच्या ओळीला लागली.

टोळीतले दोघे पकडले गेले, खटला उभा राहिला; आणि ती आपल्या मर्जीनं आली होती, या त्यांच्या बचावाला आधार होता माझ्या जुन्या जबाबाचा. तिनं सोसलेलं सगळं माझ्या शब्दाखाली गाडलं जाणार होतं. मी तिला शेताच्या कडेला, धुऱ्यावर गाठलं.

‘माझं चुकलं, वैशाली. तुले जबरदस्तीनं नेताना मी पाह्यलं होतं.’

‘मले काऊन सांगता काकाजी?’ ओटीतला कापूस दाबत ती म्हणाली. ‘मले तं माहीत हाये. तिथं सांगा.’

वर्ध्याच्या न्यायालयात, वैशालीसमोर, मी सांगितलं. बोलताना उमगलं, की माणूस हरवतो तेव्हा त्याच्या वाट्याचा काळही कोणीतरी उचलून नेतो; माणूस एखादवेळी परततो, तो काळ परतत नाही, आणि त्याची आठवण मात्र ज्यानं भोगलं त्यालाच एकट्याला वाहावी लागते, कारण पाहणाऱ्यांनी पाहिलंच नाही म्हटलेलं असतं.

‘मग तेव्हा खोटं का बोललात?’ आरोपींच्या वकिलानं विचारलं.

उत्तर त्याला द्यायचं होतं. मी तिच्याकडे वळलो.

‘मी भेलतो, वैशाली. पोरीपायी भेव वाटलं. माफ कर मले.’