पडद्याच्या पाठीतलं घर

"मी येत नाही," पडदेकाका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

लेकीने आईकडे पाहिलं. पडदेकाकू ओट्यावरचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. खाली टेम्पोवाल्याने पुन्हा एकदा हॉर्न दिला.

"बाबा, काल तर हो म्हणालात!"

"काल काल होतं."

जावई जिन्यात उभा होता. मऊ स्वभावाचा माणूस. सासऱ्याशी वाद घालायची त्याची हिंमत नव्हती आणि बायकोशी घालायची सवय नव्हती. "वेळ देऊ या त्यांना जरा," एवढंच तो म्हणाला आणि एक गाठोडं उचलून खाली गेला.

वेळ तसा नव्हताच. खाली ठेकेदाराची माणसं परांची बांधून, हातावर हात ठेवून बसली होती. त्यांना आज पडदा उतरवायचा होता आणि हे घर पडद्याच्या पोटात होतं.

गाडीत बसून सिनेमा बघायचं ते मैदान. मोठ्या मालकांनी कुठल्याशा प्रवासात तसलं काही पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते बसलं. त्या काळी दारात मोटार येणं म्हणजे घरात लग्नकार्य निघाल्यासारखं होतं, आणि ज्यांच्याकडे ती आली त्यांना ती घेऊन जायला एखादं ठिकाण हवं होतं. मालकांनी ते ठिकाण दिलं. गावाबाहेरची जमीन घेतली. गाडीचं नाक जरा वर राहावं, म्हणजे मागच्या सीटवरच्यांनाही दिसेल, म्हणून जमिनीला ओळीओळीने उंचवटे केले. प्रत्येक उंचवट्यावर लोखंडी खांब, खांबाला लहानसा स्पीकर. आकड्यावरून काढायचा आणि गाडीच्या काचेला अडकवायचा. आणि समोर पडदा. लोखंडी सांगाड्यावर पत्रे ठोकलेले, पांढऱ्या रंगाचे. सांगाड्याच्या मागची बाजू पोकळ होती. ती वाया कशाला घालवायची, म्हणून मालकांनी तिथे विटा-फळ्यांच्या दोन खोल्या काढल्या. खाली शिड्या आणि रंगाचे डबे, वर राखणदाराचं बिऱ्हाड.

राखणदार म्हणजे पडदेकाका. दरवर्षी दोरीच्या झुल्यावर बसून ते पडद्याला रंग द्यायचे, स्पीकर दुरुस्त करायचे, सिनेमा संपल्यावर काचेला स्पीकर तसाच ठेवून निघालेल्या गाड्यांच्या मागे शिव्या देत धावायचे. त्यांचं खरं आडनाव पगार देणाऱ्यालाच काय ते ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते पडदेकाका, आणि लग्न करून आल्या त्या दिवसापासून त्या पडदेकाकू.

पहिल्या रात्री काकू घाबरल्या होत्या. बाहेर एक बाई रडत होती आणि ते रडणं मैदानभर पसरलेल्या त्या सगळ्या स्पीकरांमधून एकदम येत होतं. "कोण आहे?" त्यांनी विचारलं. "अगं, सिनेमा आहे," काका हसून म्हणाले. पुढे सवय झाली. भिंतीच्या एका बाजूला काकूंची फोडणी आणि दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी लग्न नाहीतर खून. आवाजावरून माणसं ओळखता येऊ लागली. कोण खोटं बोलतोय, कोण आता मरणार, हे त्या भांडी घासता घासता सांगायच्या. चेहरे मात्र क्वचित दिसायचे. काही कामाने खाली उतरल्या, पुढच्या बाजूला गेल्या, तर डोक्यावर घराएवढा एखादा डोळा उघडझाप करत असायचा. तो बघून त्या परत गॅसपाशी यायच्या.

सकाळी मैदान झाडायचं काम त्यांचं. केराबरोबर काय काय यायचं! दुधाची बाटली, लहान मुलाची एक चप्पल, कानातलं. एकदा कवळी सापडली. ती त्यांनी धुऊन तिकिटाच्या खिडकीत ठेवली, पण न्यायला कोणी आलं नाही. लाजला असणार बिचारा.

लोक येत ते नुसत्या सिनेमासाठी नव्हे, हे काकूंना लवकर कळलं होतं. पोरांना घरूनच झोपायच्या कपड्यांत आणत आणि मध्यंतराआधी ती मागच्या सीटवर आडवी होत. पाठीच्या दुखण्याने ज्याला थिएटरात बसता येत नव्हतं असा एकजण सीट पाडून झोपून सिनेमा बघायचा. एका जोडप्याचा मुलगा मध्येच मोठ्याने ओरडायचा, हात आपटायचा. दुसरीकडे लोकांनी माना वळवल्या असत्या. इथे काच वर केली की झालं. एक म्हातारी बाई एकटीच टॅक्सीने यायची. टॅक्सीवाला पुढे, ती मागे, दोघंही मन लावून बघायचे. घरात असल्यासारखं बसायचं आणि तरी घराबाहेर पडल्यासारखं वाटायचं, ही सोय दुसरीकडे कुठे होती?

मग कधीतरी खांबांवरचे स्पीकर गेले. गाडीचा रेडिओ लावला की त्यातच आवाज यायचा. लोकांना बरं वाटलं, मैदान मात्र मुकं झालं. काकूंच्या घरात आता काहीच ऐकू येईना. पुढे घरोघरी टीव्ही मोठे झाले, मग हातातले फोन. गाड्या वाढल्या, त्यांच्यात बसून सिनेमा बघणारे कमी झाले. मोठे मालक गेले. धाकट्या मालकांनी खेळ बंद केले आणि मैदान एका मोटार कंपनीला भाड्याने दिलं. तेव्हापासून कोऱ्या गाड्या, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेल्या, त्याच उंचवट्यांवर नाक वर करून ओळीने उभ्या असतात. आत कोणी नाही आणि समोर काही नाही.

तरी काका रंग द्यायचे.

"बघणारंच कोणी नाही, तर कशाला?" काकू म्हणायच्या.

"रंग गेला की गंज धरतो," काका म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते या खोलीतून खाली उतरले नव्हते. त्यांचं उठवणं, बसवणं, अंघोळ, सगळं काकूंकडे. पाण्याचा पंप बिघडला की पाणीसुद्धा जिन्याने वर आणायचं. परवाच्या वादळात एक पत्रा सुटून कोऱ्या गाडीच्या टपावर पडला आणि धाकट्या मालकांनी पडदाच काढून टाकायचं ठरवलं. लेकीने लगेच सांगितलं, आमच्याकडे चला. लिफ्ट आहे.

ठेकेदार वर आला. दारातच थांबला.

"काकू, माझी माणसं बसून आहेत हो. तुम्ही उतरल्याशिवाय हात लावत नाही मी, पण..."

"येतोच आहोत," लेक म्हणाली.

"कोण येतंय?" काका भिंतीकडे बघतच म्हणाले. "तुम्हांला काय, टेम्पो भरला की झालं. हिचा विचार केलाय का कोणी? ही काय करणार तुमच्या त्या फ्लॅटमध्ये? आयुष्य काढलंय हिने इथे. हिला करमायचं नाही दुसरीकडे. मला विचारा. टॉकीजवाले बोलवत होते मला, क्वार्टर देत होते. नाही म्हटलं. कुणासाठी?"

काकूंच्या हातातला डबा अर्धा गुंडाळलेलाच राहिला.

"कधी बोलावलं होतं?"

"आपली पोर शाळेत जायला लागली होती तेव्हा."

"क्वार्टर वर होतं का खाली?"

काका वळले. अर्धंच वळता आलं. "काय?"

"वर होतं का खाली, विचारतेय."

"तळमजल्यावर होतं."

"नळ घरात?"

"असेल. असणारच."

ठेकेदार हळूच जिना उतरून गेला. लेकीने आईच्या हातातला डबा घ्यायला हात पुढे केला, पण काकूंनी तो स्वतःच खोक्यात ठेवला आणि पलंगाच्या कडेला येऊन बसल्या.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, आज?" काका म्हणाले.

"आजही. आणि तेव्हाही गेले असते."

लेक सकाळपासून आईच्या रडण्याची तयारी करून आली होती. पर्समध्ये जास्तीचा रुमाल ठेवला होता तिने. त्या रुमालाचं काय करावं हे आता तिला कळेना.

"मग बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"विचारलंत का कधी?"

खाली कोणीतरी लोखंडावर लोखंड आपटलं. त्याचा आवाज भिंतीतून आला आणि विरला.

"मला वाटायचं, तुला आवडतं," काका म्हणाले. आजारानंतर त्यांचे शब्द जरा ओघळत, पण हे शब्द त्यांनी नीट, एकेक करून उच्चारले. "रात्री भिंतीला टेकून ऐकत बसायचीस."

"झोप लागायची नाही, म्हणून बसायचे. पोरगी आवाजाने उठायची, तिला मांडीवर घेऊन बसायचे."

काकांचा डावा हात पांघरुणावरून फिरत राहिला.

"तुमच्यावर राग नाहीये माझा," काकू म्हणाल्या. "रागावण्याइतका जीवच राहिला नाही अंगात. दमलेय मी. हा जिना चढून दमलेय. बाकी काही नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि उरलेला डबा गुंडाळायला लागल्या. लेकीला वाटलं, बाबा आता चिडतील, नाहीतर रडतील. दोन्ही झालं नाही. मग पलंगावरून आवाज आला.

"चांगला सदरा बाहेर ठेवलाय का?"

"ठेवलाय."

"दे मग."

काकूंनी त्यांना बसतं केलं. आजारी हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला, हे आता दोघांना न बोलता जमत होतं. बटणं लावताना काका त्यांच्या बोटांकडे बघत होते. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. लेकीने वडिलांचे केस विंचरले.

खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. जावई, टेम्पोवाला आणि ठेकेदाराची दोन माणसं असे चौघं. वळणावर जिना अरुंद होता आणि काकांचा खांदा भिंतीला घासला. पांढरी पूड सदऱ्याला लागली. एरवी "हळू, गाढवांनो" म्हणणारा माणूस त्या दिवशी गप्प होता. काकू मागून रिकाम्या हाताने उतरल्या. इतक्या वर्षांत त्या जिन्यावरून काही न धरता उतरणं त्यांना बहुधा पहिल्यांदाच जमत होतं आणि त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

जावयाच्या गाडीत काकांना पुढे बसवलं, पट्टा लावला. माय-लेकी मागे बसल्या. निघणार, तर फाटकात कोऱ्या गाड्या घेऊन आलेला लांबलचक ट्रक अडकलेला. टेम्पोही त्याच्यामागे खोळंबला होता.

"बाजूला घेतो," जावई म्हणाला. ओळींच्या मधे एक जागा रिकामी होती, तिथे त्याने गाडी घातली. पुढची चाकं उंचवट्यावर चढली आणि पडदा समोरच्या काचेत नेमका भरला.

ठेकेदाराने त्यांना उतरलेलं पाहिलं होतं. त्याची माणसं परांचीवर चढली. एकाने कोपऱ्यातल्या, बिऱ्हाडाच्या उंचीवरच्या पत्र्याला पहार घातली. गंजलेले स्क्रू कुरकुरले. पत्रा सुटला तो मागच्या फळ्या घेऊनच सुटला आणि धुळीचा लोट उडवत जमिनीवर पडला.

धूळ खाली बसली तेव्हा त्या भल्यामोठ्या पांढऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडा पडला होता. त्यात काकूंचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा. त्याच्यावरचा काजळीचा काळा पट्टा, वर पसरत गेलेला. मागच्या खिडकीतून येणारा उजेड. खिळ्याला टांगलेली गाळणी.

"आई, गाळणी राहिली," लेक म्हणाली. "आणू का पळत जाऊन?"

"राहू दे."

काका पुढे झुकून बघत होते. झुल्यावर बसून या पत्र्यांवरून त्यांनी किती वेळा ब्रश फिरवला होता, त्याला गणती नव्हती.

"खोली एवढीशी होती?" त्यांनी विचारलं.

"एवढीच," काकू म्हणाल्या.

परांचीवरच्या माणसाने पुढच्या पत्र्याला पहार लावली. उघड्या काचेतून धूळ आत आली आणि काकू खोकल्या. काकांचा डावा हात दारावरच्या बटणाकडे गेला आणि मधेच थांबला. मान वळवता येईल तेवढी वळवून त्यांनी मागे पाहिलं.

"काच वर घेऊ का गं?"

काकूंनी जरा विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या. "वारा येतोय, येऊ दे."

काकांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. ट्रक अजून फाटकातच होता. दुसरा पत्रा सुटला, मग तिसरा. गाडीत चौघं समोर बघत बसून राहिली.