रेश्माचा उजवा हात

हिरवी बांगडी रेश्माच्या अंगठ्याच्या बुडाशी अडकली होती. पुढे जाईना, मागे येईना. कातडी आधी पांढरी झाली, मग लाल—आणि तिच्या आईच्या, मनुबाईच्या मनात आलं, गेल्या नागपंचमीला याच मापाच्या कशा सर्रकन गेल्या होत्या.

सुलाबाई कासारणीनं साबण लावून अंगठा आत दाबला. रेश्मा ओरडली नाही. माहेरी आलेल्या लेकी बांगड्या भरताना खोटंखोटं किंचाळतात, हीसुद्धा किंचाळायची…

"आवं मनुबाई, हाड वर आलंय की हिचं. कुठं पडलीवतीस गं?"

"हापशावर घसरली," मनुबाईनंच सांगून टाकलं.

घसरली. फाल्गुनात रेश्मा सासरहून, उंब्रजहून एकटीच एस.टी.नं आली होती, हात पदरात गुंडाळून. तिचा नवरा शंभूराज पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्यानं तिचा हात चौकटीवर धरून दार लोटलं होतं. वैदूनं पट्टी बांधली, एकवीस दिवस हात हलवू नका म्हणाला. तिसऱ्या दिवशी मनुबाईनं तिला परत नेऊन घातलं—धाकटीची सुपारी फुटायची होती, शंभूराजच्याच चुलतभावाशी. वर जावयापुढं हात जोडले, "लेकरू हाय, चुकलं असंल."

"मामी, तुमी कशाला तरास घेतलासा? आमी आलो असतो की न्यायला."

किती मर्यादेनं बोलला! मनुबाईला बरं वाटलं होतं. रेश्मा तेव्हा पट्टीच्या हातानं चहा टाकत होती…

हाड त्यानं मोडलं. वाकडं कुणी जुळू दिलं?

"वरच्या मापाच्या भर, मावशी," रेश्मा म्हणाली. "सुजला तरी रुतत न्हाईत."

"सासर मानवलं म्हण की! हाताला बाळसं आलंय," सुलाबाई हसली; मग कुणीच हसत नाही बघून तिनं वरच्या मापाचा जोड उचलला.

उद्या शंभूराज, पुन्हा सुट्टीवर आलेला, न्यायला येणार. चार दिवस मनुबाई एकाच प्रश्नाला भीत होती—आई, मी राहू का?—आणि उत्तरं घोळवून ठेवली होती: धाकटी आता त्याच घरात आहे, तुझ्या बापाला सोसायचं नाही, गाव काय म्हणेल. रेश्मानं विचारलंच नाही.

हात भरून झाले. रिवाजाप्रमाणं रेश्मा आधी कासारणीच्या पाया पडली, मग आईच्या. सुलाबाईनं सौभाग्याचा आशीर्वाद दिला. मनुबाईनं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीनं विचारलं नाही तेव्हा सुटले, असं क्षणभर वाटलं होतं खरं—पण आता आतून राग उसळत होता, पायाशी वाकलेल्या लेकीवरच. विचार की गं. एकदा तरी विचार. मी नाहीच म्हणते का, ते मला तरी कळू दे…