लिफ्टच्या खड्ड्यातली गंगा

नळदुर्गात राजशेखर अण्णांच्या नव्या चौमजली इमारतीपुढं सकाळपासून रांग लागायची. लिफ्ट अजून बसलीच नव्हती. तिच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं, ते न्यायला माणसं तांबे, बाटल्या, कॅन घेऊन उभी. कितीही उपसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघाभर. शहाण्या माणसानं मिस्त्री बोलावला असता. अण्णांनी वीरभद्र महाराज बोलावला.

"खड्डा बांधताना कोपऱ्यात नारळ पुरला होता ना?" महाराज म्हणाला. "देवानं तो स्वीकारला. ही पाताळगंगा आहे. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत नेते, हे तीर्थ थेट कैलासाला नेतं."

तेवढं एकच तो खरं बोलला.

त्या खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग शिवप्रसाद मिस्त्रीनं केलं होतं. तळ आणि भिंतीच्या सांध्यात, ओल्या काँक्रीटमध्ये अण्णांनी नारळ दाबला, तेव्हाच त्यानं बोलायला हवं होतं. नारळ कुजणार, तिथं भोक पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण देवाच्या कामात कशाला तोंड घाला म्हणून गप्प बसला. आता त्याचीच आई मल्लम्मा दीड महिना रोज तांब्याभर तीर्थ पीत होती, गुडघ्यांसाठी. गुडघे होते तसेच राहिले. डोळे मात्र हळदीसारखे पिवळे झाले.

"अव्वा, त्या भिंतीपलीकडं संडासाची टाकी हाय. दवाखान्यात चल."

"तुला देवाचं काय कळतंय? जा, सिमेंट कालव जा."

मग शिवप्रसादनं दोन किलो नीळ कालवली आणि इमारतीच्या संडासात ओतली. दुसऱ्या दिवशी खड्डा निळाशार. आता तरी डोळे उघडतील, असं वाटलं बिचाऱ्याला. महाराज खड्ड्यात वाकला, जरा गडबडला आणि हात जोडून म्हणाला, "नीलकंठ! विष पचवायला स्वतः आलाय." मग काय विचारता, रांग दुप्पट झाली. मल्लम्मानं सगळ्यांच्या आधी तांब्या बुडवला.

शिवप्रसादनं पंप लावून खड्डा उपसला. कोपऱ्यातल्या कुजक्या काथ्यातून निळं पाणी गळत होतं. मागोमाग जे आलं, त्याच्या वासानं रांग मागं सरली.

"नीळ म्या संडासात ओतली व्हती," तो म्हणाला. "टाकी फुटलीय. तिचं पाणी मातीतून गाळून या नारळाच्या भोकातून येतंय, म्हणून निवळ दिसतं. दीड महिना हेच पिताय तुमी."

निम्मी रांग जागीच ओकली. महाराज चपला शोधायला म्हणून गेला, तो गेलाच.

मल्लम्मा पायरीवर बसली. "नारळ ठेवला तवा का न्हाय बोललास रे?"

शिवप्रसादनं तिला उचलून रिक्षात बसवलं. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काविळीनं यकृत गेल्याचं सांगितलं. आठव्या दिवशी ती वारली.

माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारची नागूबाई भेटायला आली. रांगेत तीही ओकली होती. तरी म्हणते कशी, "महाराजाला घालवला नसतास, तर मल्लम्मा वाचली असती."

शिवप्रसाद चिडला नाही. "मावशी, तुमच्या नातीला पाजलं का ते पाणी?"

"पाजलं की. रोज."

"तिचे डोळे कसे हायत?"

"जरा पिवळट," नागूबाई म्हणाली.

"उठा," तो म्हणाला. "पोरीला घ्या आन् दवाखान्यात चला. देव कुठं जात न्हाय, त्याला मागनं विचारू. आधी डॉक्टरला विचारू."

नागूबाई पदर सावरत तिथंच बसून राहिली. "सुनेला विचारते," ती म्हणाली. "आज सोमवारचा उपास हाय, उद्या बघू."