पिंप भरा, समिती येतेय

शाळेच्या मागे, सायकल स्टँडच्या कडेला एक हिरवं पिंप होतं आणि त्या पिंपापायी विज्ञानाच्या बाईंना पोरं ‘खतबाई’ म्हणायची. पाठीमागे, अर्थातच. तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती! मधल्या सुट्टीत डब्यात उरलेलं अन्न पिंपात टाकायचं, वर पालापाचोळा घालायचा, खत झालं की बागेला द्यायचं, अशी साधी सरळ योजना. पण बाईंच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की संपलं. मुळात अन्न टाकायचंच कशाला, असं त्यांनी मनावर घेतलं आणि वर्षभर कानीकपाळी ओरडल्या, “जाईल तेवढंच आणा, आणलंय तेवढं खा.”

आणि पोरं बघा, चक्क ऐकलं त्यांनी! आईच्या मागे लागून डबे लहान करून घेतले. नावडती भाजी आपापसात बदलून संपवली. पिंप आधी अर्धं राहू लागलं, मग तळाला गेलं, आणि शेवटी आडव्या पडलेल्या त्या पिंपात एका मांजरीने पिल्लं घातली.

पण बाईंचा खरा जीव अडकला होता तो पेन्सिलमध्ये. पेन्सिल म्हणजे सहावीतली एक काडीसारखी मुलगी. डबा उघडायची, वास घ्यायची आणि सगळाच्या सगळा पिंपात रिकामा करून यायची. घरी सांगायची, संपवला. तिची आई डॉक्टरांकडे खेटे घालून थकली होती. मग बाई रोज आपला डबा घेऊन पेन्सिलच्या शेजारी बसू लागल्या. रागावणं नाही, लाडीगोडी नाही, नुसतं शेजारी बसून जेवायचं. कधी ती एक घास खायची, कधी तोही नाही. महिने गेले. एके दिवशी पेन्सिलने डबा उलटा करून दाखवला, आत शीतसुद्धा नव्हतं. त्या दिवशी तिची आई फाटकाशी बाईंचे हात धरून रडली. बाईही रडल्या, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून उगाच हसत सुटल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माशी शिंकली. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

“बाई, हरित शाळा स्पर्धेची समिती उद्या येतेय. शेवटच्या फेरीत आहोत आपण, ढाल अगदी हाताशी आलीय! पिंप कसं आहे?”

“रिकामं आहे, सर,” बाई ऐटीत म्हणाल्या.

“रिकामं?”

“मुलं काही टाकतच नाहीत ना आता.”

“अहो, मग समितीला दाखवायचं काय? मांजर?”

“हेच दाखवू की. कचराच होत नाही म्हणून.”

“जे होत नाही ते दिसतं का, बाई?” सरांनी कपाळाला हात लावला. “त्यांना पिंपाशी उभं राहून फोटो काढायचाय. पलीकडच्या शाळेची पिंपं ओसंडून वाहतायत, आणि आपण काय, स्वच्छ बूड दाखवायचं? उद्याच्या दिवस मुलांना सांगा, अर्धा अर्धा डबा टाका म्हणावं. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ती.”

‘नाही’ हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण सर दहा ठिकाणी शब्द टाकून पिंप मिळवणारे, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? आणि ढालीचं नाव निघाल्यावर बाईंच्याही मनाला गुदगुल्या झाल्या होत्या, खोटं कशाला बोला!

दुसऱ्या दिवशी मांजरीचं बिऱ्हाड प्रयोगशाळेतल्या खोक्यात हललं आणि बाईंनी वर्गात फर्मान काढलं.

“बाई, भूक असली तरी टाकायचं?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

“हो. फक्त आजच्या दिवस,” बाई फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या.

समिती आली. प्रमुख बाईंनी नाकाला रुमाल लावून झाकण उचललं. आत ताजा भात, उकडलेली अंडी, एक घासही न घेतलेले ब्रेडचे तुकडे. “वा! याला म्हणतात सहभाग!” त्या म्हणाल्या. खटाखट फोटो निघाले. “सगळ्यात जास्त कोणी दिलं?”

सगळी बोटं पेन्सिलकडे वळली. तिने अख्खा डबा टाकला होता.

“शाब्बास! सगळ्यांनी हिच्याकडून शिकायला हवं,” म्हणत प्रमुख बाईंनी तिच्या फ्रॉकला ‘हरित दूत’ असा बिल्ला लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पेन्सिल कधी नव्हे ती लाजली, फुलली. बाईंचे हातही आपले सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतच होते. ढाल शाळेकडे ठेवून आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या टेबलावर अर्धवट सोडून समिती निघून गेली.

पुढच्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई डबा घेऊन बाहेर आल्या तर पेन्सिल पिंपापाशी उभी. बिल्ला लावलेला, डबा उघडा. तिच्यामागे वर्गातली आणखी पोरं रांगेत. बाईंनी धावत जाऊन झाकणावर हात ठेवला.

“आज नाही टाकायचं गं. आज खायचं.”

“का?” पेन्सिलने विचारलं. “आज नाही का वाचवायचं पर्यावरण?”

“कालचं... कालचं चुकलं, बाळा. मी चुकीचं सांगितलं.”

पेन्सिलने बिल्ल्यावर हात ठेवला. “पण तुम्ही टाळ्या वाजवल्या, बाई. मी बघत होते तुमच्याकडे.”

बाई तिथेच पिंपाला टेकून खाली बसल्या आणि अगदी पहिल्या दिवशीसारखा त्यांनी आपला डबा उघडला. पेन्सिल शेजारी बसली खरी. पण तिने आपल्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि बाईंच्या डब्यात डोकावून समजूतदारपणे म्हणाली, “बाई, तुम्ही त्यातलं किती देणार?”