टीव्हीला कोंदण

वारज्याच्या दिगंबर आगाशेंचा जुना टीव्ही आधी हिरवा झाला, मग मुका झाला, आणि एका संध्याकाळी बातम्या चालू असतानाच कायमचा बंद पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. तेव्हा आगाशे नवा घ्यायला बुधवार पेठेत आफताबभाईंच्या दुकानी गेले.

"हा बघा काका, एकदम नवीन. बेझल-लेस."

"म्हणजे?"

"म्हणजे याला बेझल नाही."

"ते समजलं. जे नाही ते काय, ते सांगा."

आफताबभाईंनी शेजारच्या जुन्या सेटच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं. "ही काचेभोवतीची पट्टी आहे ना, ती बेझल. मोबाइललाही असते. मनगटी घड्याळाच्या काचेभोवती जे कडं असतं, तेही बेझल. आता ती काढूनच टाकतात. कड नाही, नुसतं चित्र."

"मग किंमत कमी?"

"जास्त."

"म्हणजे नसलेल्या गोष्टीचे जादा पैसे?"

"काका, शेजारी नसलेला बंगला महागच असतो की."

हे उत्तर आगाशेंना इतकं पटलं, की त्यांनी टीव्ही घेतला.

घरी नीरजाबाईंनी बेझल म्हणजे काय ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंगठीत खड्याभोवती असतं तसलंच ना? त्याला आपल्याकडे कोंदण म्हणतात. बिनकोंदणाचा खडा घेऊन आलात तुम्ही."

अडचण वेगळीच होती. नीरजाबाईंना तोंड धुताना कपाळावरची टिकली काढून टीव्हीच्या कडेला चिकटवायची सवय. आता कडच नाही. दुसऱ्या दिवशी आगाशेंनी बातम्या लावल्या, तर एका दाढीवाल्या प्रवक्त्याच्या नाकावर मरून रंगाची टिकली.

"अगं, ही काढ आधी!"

"काढते. पण लावू कुठे? तुम्ही जागा ठेवलीय?"

आगाशेंनी आफताबभाईंना फोन लावला. "याला बेझल बसवून मिळेल का हो?"

"काका, लोक ती नको म्हणून पैसे देतात."

"ते मी दिलेत. आता हवी म्हणून देतो."

आफताबभाईंनी त्यांना तसबिरी करणाऱ्या एका दुकानात पाठवलं. तिथून चार बोटं रुंद सागवानी चौकट आली, आतून बारीक सोनेरी रेघ. टीव्ही भिंतीवर चौकटीत बसला आणि नीरजाबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "आता शोभतो." बंगळूरच्या आमोदने, म्हणजे मुलाने, फोनवरून सांगत सांगत आणखी एक सोय करून दिली : टीव्ही कोणी बघत नसलं की पडद्यावर घरातला फोटो यायचा. सध्यापुरता त्याने एकच टाकला होता. आगाशे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या दिवशीचा. कोट, मंद हसू आणि गळ्यात सत्काराचा हार.

तो आठवडा संपायच्या आत विश्रांतवाडीहून अभय फाटक आले. आगाशेंचे खात्यातले जुने सहकारी, बऱ्याच वर्षांत भेट नाही. आगाशे केस कापायला गेले होते. नीरजाबाई कांदे चिरत होत्या, त्या डोळे पुसतच दाराशी आल्या. फाटक आत आले, त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि हात जोडून खाली बसले.

"वहिनी... हे कधी झालं?"

नीरजाबाईंना वाटलं, जुन्या टीव्हीचं विचारतायत. "झाले की पंधरा दिवस."

"आम्हाला काहीच कळलं नाही. त्रास होता का आधीपासून?"

"होता ना. सगळं हिरवं दिसायचं. मग आवाज गेला. आणि त्या दिवशी बातम्या बघता बघता एकदम बंद."

"अरेरे. कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं तर. म्हणाले, फार जुनं झालंय, आता खर्च करण्यात अर्थ नाही."

"असं तोंडावर म्हणाले?"

"खरंच होतं ते. आणि तुम्हाला म्हणून सांगते भावजी, आता हॉल कसा मोकळा वाटतो."

फाटकांनी वहिनींकडे पाहिलं, मग हाराकडे पाहिलं. चहाला हातानेच नको म्हणाले. दुखवट्याच्या घरातून 'येतो' म्हणून निघत नाहीत, म्हणून एक शब्द न बोलता उठले आणि गेले. 'इतक्या वर्षांनी आले आणि नीट निरोपही घेतला नाही,' असं म्हणत नीरजाबाई पुन्हा कांद्याकडे वळल्या.

न्हाव्याच्या खुर्चीत आगाशेंचा मोबाइल थरथरायला लागला. निवृत्तांच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलींची रांग लागली होती. कोण गेलं म्हणून ते वर वर सरकवत गेले, तर स्वतःच. त्यांनी सगळ्या श्रद्धांजली नीट वाचल्या. एकाने लिहिलं होतं, 'माणूस तिरसट, पण फाइल कधी अडवली नाही.' मान न हलवता त्यांनी उत्तर टाकलं : 'शोकसभेची वेळ कळवावी. मला यायला आवडेल.'

लगेच फाटकांचा फोन आला. ते आधी रडले, मग चिडले, मग म्हणाले, "अरे, पण वहिनी तर हॉल मोकळा वाटतो म्हणाल्या!"

"ते ती मी असतानाही म्हणते," आगाशे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी नीरजाबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी तोंडावर हात ठेवून बसल्या, मग इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. तेवढ्यात बेल वाजली. आगाशेंनीच दार उघडलं. खालच्या मजल्यावरची तेजस्विनी डबा घेऊन उभी होती. तिचे वडील त्याच ग्रुपवर होते. तिने आगाशेंना पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"काका! तुम्ही?"

"मीच. डब्यात काय आहे?"

"पि... पिठलं-भात. आज तुमच्याकडे चूल पेटणार नाही म्हणून..."

"चूल पेटलीय, पण तिच्यावर दुधी भोपळा आहे," आगाशे म्हणाले, डबा तिच्या हातातून घेतला आणि आत हाक दिली, "अगं, तीन ताटं घे. पोरीला घाम फुटलाय, तिला आधी पाणी दे."

नीरजाबाईंनी तिला बसवलं. तिघं जेवत असताना मोबाइल आत वाजतच राहिला. आगाशेंनी तो घेतला नाही. पिठलं चांगलं जमलंय असं त्यांनी तेजस्विनीला सांगितलं आणि आणखी थोडा भात मागून घेतला.